मध्यंतराआधी

ऑपरेशनच्या संमतीपत्रावर बाबा काही केल्या सही करेनात. पांढऱ्या केसांचे सर्जन त्यांना शहाणपणाच्या चार गोष्टी सांगून थकले, पटकथा लिहिणाऱ्या लेकीने विनवण्या करून घसा कोरडा केला.

"नाही म्हणजे नाही," बाबा लेकीला म्हणाले. "तुझे सगळे सिनेमे मीच आधी वाचलेत. नायकाला शहाणपणाच्या चार गोष्टी सांगणारा म्हातारा मध्यंतराच्या आत गचकतोच. दरवेळी! आणि आपल्या घरात तो म्हातारा मीच."

म्हणजे इतके दिवस घोडं इथे पेंड खात होतं तर! लेकीने खुर्ची पुढे ओढली.

"बाबा, माझ्या सिनेमात आधी 'मी नाही जाणार' म्हणून कोण अडून बसतं? आणि शेवटी संकटातून पार पडून घरी परत कोण येतं?"

"नायक."

"मग इथे कोण अडून बसलंय?"

बाबांनी चष्मा वर सरकवला, पेन मागून घेतलं आणि झोकात सही ठोकली. लेकीचा जीव भांड्यात पडला.

दारापाशी मात्र बाबा थबकले. मागे वळून त्यांनी सर्जनच्या पांढऱ्या केसांकडे काळजीने पाहिलं.

"डॉक्टर, तुम्ही तब्येतीला जपा हं."