रोमन शिपाई

"डेंझिलला बघ जरा," हे आईचं वाक्य ऐकतच कॅल्विन लहानाचा मोठा झाला. चर्चच्या कॉयरमध्ये पुढे उभा राहणारा डेंझिल, फादरांचा लाडका डेंझिल, आणि गुड फ्रायडेच्या नाटकात दरवर्षी येशू होणारा, तोही हाच मावसभाऊ. कॅल्विनच्या वाट्याला कायम रोमन शिपाई.

यंदा त्याने येशूला फटके मारायचा लोकरीचा खोटा चाबूक पडद्यामागेच टाकला आणि स्वतःच्या कमरेचा चामडी पट्टा हातात घेतला. सगळ्या परळच्या देखत डेंझिलने एकदा तरी गुरासारखं ओरडावं, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. पहिल्या फटक्याला झगा फाटला, पुढच्या दोन-चार फटक्यांत पाठ सोलून निघाली. डेंझिलने खांब घट्ट धरला, ओठ चावून चावून रक्ताळला, पण हूं की चूं केलं नाही. समोर बायका ढसाढसा रडत होत्या.

घरी आल्यावर आईने तो पट्टा कॅल्विनच्या हातातून ओढून घेतला, मोरीत बसून त्यावरचं रक्त घासून काढलं आणि मान वर न करताच म्हणाली,



"एवढं मारलंस, तरी पोराने नाटक बिघडू दिलं नाही. नाहीतर तू."