कमरेत बारीक बाटली

आईच्या कपाटात पासपोर्ट शोधताना प्रसन्नच्या हाताला गार काच लागली. साड्यांच्या मागे चक्क वाइनची बाटली. एक नव्हे, चार-पाच. सगळ्या सीलबंद, हिरवट, कमरेत बारीक. लेबलवर नाव होतं वर्दिक्कियो.

शैलजाबाई, म्हणजे त्याची आई, वेंगुर्ल्यात दारूच्या दुकानावरून जाताना नाकाला पदर लावणारी बाई! प्रसन्नने फोनवर शोधलं. इटलीच्या पूर्व किनाऱ्याजवळच्या मार्के प्रांतातली ही पांढरी वाइन. चव लिंबाच्या अंगाची, शेवटी बदामासारखी किंचित कडसर. माशांबरोबर उत्तम. मासे! दर बुधवारी आई सुरमई तळायची आणि मोठा डबा भरायची. त्याच्या पानात त्यातला एखादाच तुकडा पडायचा. उरलेली जात कुठे होती?

“सरळ विचार ना त्यांना,” त्याची बायको रेणू म्हणाली. “डिटेक्टिव्हगिरी कशाला करतोस, यार?”

पण सरळ विचारायची या मायलेकांना सवयच नव्हती. बाबा गेल्यावर त्याने आईला जर्सी सिटीला आणलं, ग्रीन कार्ड करून दिलं. तरी ती येत्या शनिवारी कायमची वेंगुर्ल्याला परत जाणार होती. “इथे माझं काय अडलंय?” एवढंच म्हणाली. ‘आई, मला तू इथे हवी आहेस,’ हे साधं वाक्य काही त्याच्या तोंडून फुटेना. त्यात आता ह्या बाटल्या. कोण देतंय? कशाच्या बदल्यात? आईवर संशय घेताना त्याला लाज वाटत होती, पण संशय काही जाता जात नव्हता.

बुधवारी त्याने वर्क फ्रॉम होम घेतलं. आई ठेवणीतली साडी नेसून, डबा घेऊन बाहेर पडली. लिफ्ट दोनच मजले खाली थांबली. प्रसन्न जिन्याने धावला आणि भिंतीआडून बघत राहिला. पांढऱ्या मिशांच्या एका म्हाताऱ्याने दार उघडलं आणि “शैलजा!” म्हणून तोंडभर हसला. बाबांनी उभ्या आयुष्यात तिला नावाने हाक मारली नव्हती.

आई घरी परतल्यावर त्याने तीच बेल वाजवली. आपण कोण ते त्याने जरा घुश्शातच सांगितलं. म्हाताऱ्याने त्याला हात धरून आत नेलं. टेबलावर तळलेली सुरमई होती, शेजारी अर्धा पेला वाइन.

“मी लोरेन्झो. माझं गावही समुद्रकाठचं,” तो इंग्रजीत म्हणाला. “मी आजारी होतो, तेव्हा तुझ्या आईने पहिला डबा आणला. भांडं रिकामं परत करायचं नाही, हे माझ्या आईने शिकवलेलं. घरात गावाकडची वाइन तेवढी होती, ती दिली. तर पुढच्या बुधवारी पुन्हा डबा हजर!”

प्रसन्नने कपाळावर हात मारला. रिकामा डबा परत करायचा नाही, हे त्याच्याही आईने शिकवलं होतं. न पिणारी बाई बाटली टाकूनही देईना आणि फेडल्याशिवायही राहीना.

लोरेन्झोने धुतलेला डबा पुढे केला. या वेळी तो रिकामा होता.

“आज तिने बाटली घेतली नाही. म्हणाली, कुणाचं देणं ठेवून मला जाता येत नाही.”

प्रसन्न डबा घेऊन लिफ्टमध्ये शिरला. आपल्या मजल्याचं बटण दाबता दाबता थांबला, आणि तळमजल्याचं दाबलं. कोपऱ्यावरच्या दुकानात वर्दिक्कियो मिळाली.

“खालच्या काकांनी दिलंय,” डबा आणि बाटली ओट्यावर ठेवत तो म्हणाला. त्याने वर पाहिलं नाही.

“नको म्हणून बजावलं होतं मी त्यांना!” आईने बाटली उचलली. वरून खालपर्यंत न्याहाळली. मग लेकाकडेही तशीच संशयाने पाहत राहिली.

“त्यांची बाटली कमरेत बारीक असते,” ती म्हणाली. “ही सरळसोट आहे.”

प्रसन्नचे कान तापले. थाप पचली नव्हती.

आईने बाटली जपून बाजूला ठेवली. रिकामा डबा जवळ ओढला.

“ते तिकीट कॅन्सल कर,” ती म्हणाली. “आता तुझं देणं झालं माझ्यावर.”