दार धरणारी

“मावशी, कडी कुठंय?”

आतून क्षितिजाचा आवाज आला. वैजयंताने दार लोटून घेतलं आणि बाहेरून पाठ लावून उभी राहिली. न धरलं तर बाथरूमचं ते दार आपोआप उघडतं.

“कडी नाही, मॅडम. तुम्ही बिनधास्त बसा. मी धरलंय.”

क्षितिजा सकाळी हेड ऑफिसातून आली होती. भाईंदर पूर्वेच्या या गाळ्यात बायका स्टीलचे डबे पुसतात आणि खोक्यांत भरतात. त्यांचं मत घ्यायला ती आली होती. हातात टॅब. टॅबवर एकेक विधान. प्रत्येक विधानाखाली पाच चेहरे, रडक्यापासून हसऱ्यापर्यंत. आपला असेल त्यावर बोट ठेवायचं. तिने आल्या आल्या सगळ्यांना गोळा करून सांगितलं होतं, “सगळं गोपनीय आहे. कोण काय बोललं, कुणाला कळणार नाही. नाव कुठेच येत नाही.”

सगळ्यांचं झालं. वैजयंताचं अर्ध्यावर आलं आणि क्षितिजाला उठावं लागलं. सुपरवायझर उदय सरांनी तिला चहावर चहा पाजला होता. “धरा जरा,” म्हणून तिने टॅब वैजयंताच्या हातात दिला. आता पाठीला दार, हातात टॅब.

*विधान : कामाच्या ठिकाणी माझी एक तरी जवळची मैत्रीण आहे.*

वैजयंताने लगेच हसऱ्यावर बोट ठेवलं.

कडी मागच्या दिवाळीआधी तुटली. तेव्हापासून गाळ्यात रीतच पडली. एक उठली की शेजारची उठायची. एक आत, एक बाहेर. आणि बाहेरचीने आतलीचं नाव सांगायचं नाही. लाइन सोडली की उदय सर मेमो द्यायचे. दोघींना मिळण्यापेक्षा एकीचा तरी वाचावा. शेजारच्या आशाला डायबेटिस. ती सारखी उठायची, वैजयंता सारखी तिच्यामागे. आशाला आजवर एकही मेमो नव्हता. तिच्या वाटचे वैजयंताकडे जमले होते. आणखी एक आला तर घरी बसायचं, असं उदय सरांनी मागच्याच आठवड्यात सांगितलं होतं. घरी आधीच एक जण बसून होता. नवरा.

“कडीचं तुम्ही कुणाला सांगितलं नाही?” आतून प्रश्न आला.

“सांगितलं की. मागच्या सर्व्हेत सांगितलं.”

“मग?”

“मग हा सर्व्हे आला.”

*विधान : माझ्या मताची दखल घेतली जाते.*

तिने मधल्या चेहऱ्यावर बोट ठेवलं. तो ना हसत होता, ना रडत.

*विधान : वरिष्ठ माझ्याशी आदराने बोलतात.*

“ए वैजयंता!”

उदय सर मालाच्या गेटकडून येत होते. “फिरसे? तिकडं खोकी तुंबलीत आणि तू इथं वॉचमनगिरी करतेयस? आत कोण? आशाच असणार.”

वैजयंताने टॅब पाठीमागे घेतला आणि दार आणखी घट्ट धरलं.

“आशा, बाहेर निघ! दोघींना एकदमच घरी पाठवतो. एकमेकींची दारं धरा तिकडं.”

आत नळ वाहत होता. तो बंद झाला.

एक शब्द पुरला असता. ‘मॅडम.’ उदय सर हात जोडत मागे सरकले असते. वैजयंताला ते माहीत होतं. दाराआड उभ्या बाईलाही माहीत होतं. वैजयंता थांबली. आपण नाही बोललो तरी आतून आवाज येईल, म्हणून थांबली.

आवाज आला नाही.

“हे बघ,” उदय सर जरा नरमले. “नाव सांग. तिला मेमो देतो, तू सुटलीस.”

“दार धरणारी नाव सांगत नसते, सर.”

“ठीक आहे. मग मेमोवर सही करायला केबिनमध्ये ये. आत्ता नको, मॅडम गेल्या की ये. त्यांच्यासमोर तमाशा नको.”

ते गेले. त्यांच्या बुटांचा आवाज पार केबिनपर्यंत पोचला, तेव्हा कुठे दार आतून हलकेच ढकललं गेलं. वैजयंता बाजूला झाली.

क्षितिजाने ओढणी सारखी केली. बाहेरच्या बेसिनवर हात धुतले. पुन्हा धुतले.

“असं आतून बोलणं…” ती म्हणाली, “बरं दिसलं नसतं ना, मावशी?”

“नसतं दिसलं.”

क्षितिजाने टॅब घेतला. मधलं एक विधान कोरंच राहिलं होतं. ते तिने पाहिलं आणि पुढे सरकवलं. “शेवटचंच राहिलंय,” म्हणाली आणि टॅबवरून नजर न काढता वाचू लागली.

*विधान : अडचणीच्या वेळी व्यवस्थापन कर्मचाऱ्याच्या बाजूने बोलतं.*

पाच चेहरे. वैजयंताने बोट उचललं, पण ठेवलं कुठेच नाही. तिने मान वर करून सहावा चेहरा पाहिला. तो टॅबवर नव्हता. कानापर्यंत लाल झाला होता.

“सांगा ना, मावशी. घाबरू नका,” क्षितिजा पुटपुटली. “गोपनीय आहे. नाव कुठेच येणार नाही.”

“नाहीच येणार,” वैजयंता म्हणाली. “तुमचं तरी कुठं येऊ दिलं मी?”