ऑइलच्या झाकणाचं सील

“ताई, सील तुटलंय,” सर्व्हिस सेंटरचा सुपरवायझर म्हणाला. “आता क्लेम पास होणार नाही.”

आमची शाळेची व्हॅन वर्षाच्या आतच ऑइल प्यायला लागली होती. सर्व्हिस सेंटरवाल्यांनीच ऑइल भरून झाकणाला सील लावून दिलं होतं. महिनाभर चालवा, वरून थेंबही घालू नका, किती कमी होतं ते मोजू आणि मगच वॉरंटीत इंजिन बदलून देऊ, असं ठरलं होतं. तो महिना आज संपला होता.

बाळाला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेत मी नवऱ्याकडे वळले. “तुम्ही तोडलंत?”

“घाटात ऑइलचा लाल दिवा लागला. आतून खडखड यायला लागली. मागं गाडीभर पोरं, त्यांचा पेपर.” तो खाली बघत होता. “म्हणून घातलं थोडं.”

“अहो, तेवढंच तर करायचं नव्हतं!”

“तसंच इंजिन रेटत पोरं नेऊ? नाही जमलं मला.”

मला भांडायचं होतं, पण त्राण नव्हतं. आणि तो चुकला असंही म्हणवेना.

सुपरवायझरने नवं सील आणलं. “परत महिनाभर. दिवा लागला तर जागेवर थांबायचं, आम्हाला फोन करायचा.”

“आणि पोरं?” नवऱ्याने विचारलं.

सुपरवायझर वाकून झाकणाला सील लावायला लागला.

“मला फोन करा,” मी म्हणाले. “मी रिक्षा घेऊन येते. मी पोचवीन त्यांना.”

“बाळाला सोडून?”

“बाळ पण येईल.”