चंद्रावरचं खातं

"चंद्रावरच्या बँकेतली गुप्त खाती आज उघड झाली. त्यातलं एक या घरातलं आहे," स्वयंपाकघरातली भिंत म्हणाली.

श्रीरंगचा चेहरा उतरला. सहा वर्षं तो गच्चीवर जाऊन कुणाशी तरी हळू आवाजात बोलायचा. ती कोण, हे आज कळणार म्हणून त्याच्या बायकोनं, हेमांगीनं, मन घट्ट केलं.

"नाव सांग," ती भिंतीला म्हणाली.

"कुमुद सबनीस."

ते तिचंच माहेरचं नाव होतं. लग्नात श्रीरंगनं तांदळांत 'हेमांगी' लिहिल्यापासून ते कुणी घेतलं नव्हतं.

"वाटलं, ते आता कुणाच्या लक्षात नसेल," तो पुटपुटला. "गच्चीवर बोलायचो तो बँकेचा एजंट."

हेमांगी खुर्चीत टेकली. तिचा जीव भांड्यात पडला होता.

"कर भर, दंडही भर," ती म्हणाली. "आणि यापुढे मला कुमुदच म्हण."