खोटा खोकला

आंब्याच्या कलमांच्या बागेतलं यंत्र वानरासारखं खोकलं. बिबट्या दिसला की वानर खोकतात, अगदी तसंच. पूर्वी ते ऐकून अख्खी टोळी आंबे टाकून रानात पळायची. आज एकाही वानरानं मान वर केली नाही.

बागेशेजारच्या अंगणात माणसं जमली होती. सकाळी करवंदं काढायला रानात गेलेल्या सुलभाला बिबट्यानं नेलं होतं.

"वानर डोक्यावरच बसले होते," तिची जाऊ रडत म्हणाली. "ते गप्प असतील तोवर भ्यायचं नाही, असं सासूबाईंनीच शिकवलेलं."

"तो काळ गेला, वहिनी," वनरक्षक म्हणाला. "खोट्या खोकण्याला भिऊन पळणारे उपाशी मेले. न पळणाऱ्यांचीच पिल्लं जगली. मग ऐकून कुणी पळतच नाही, तर खोकून उपयोग काय? आता बिबट्या दिसला की ते मुकाट्यानं वर चढतात."

सुलभाचा नवरा अनंत बागेकडे बघत होता. यंत्र त्याच्या वडलांनी बसवलं होतं. आवाज मात्र यंदा त्यानंच वाढवला होता.

तेवढ्यात यंत्र पुन्हा खोकलं. अंगणातली माणसं पोरांना उचलून घरात पळाली. कलमांवरचे वानर आंबे खात राहिले.