कारभारी एकटाच

गाव चालवणाऱ्या यंत्राला सगळे कारभारी म्हणत. सकाळी त्याने धुराविरुद्ध कायदा केला, दुपारी गोदाक्का कुंभारणीच्या भट्टीला टाळं ठोकलं, आणि आता न्यायालयाच्या पडद्यावर काळा झगा घालून तोच बसला होता. भट्टीत कच्ची मडकी होती. ती भाजली नाहीत तर हंगाम बुडाला.

"मावशी, तक्रार कोणाविरुद्ध?"

"तुझ्याच."

"कायदा करणारा विभाग वेगळा. मी न्यायाधीश."

"झगा चढवलास रे, पण डोकं तेच ना? पूर्वी कायदा करणारा, टाळं ठोकणारा नि न्याय देणारा असे तिघं होते, एकाचं दुसऱ्याशी पटायचं नाही. त्या भांडणात आमच्यासारख्याला जरा फट मिळायची. तुझं स्वतःशी कधी वाजतं का?"

"कधीच नाही," कारभारी अभिमानाने म्हणाला. "म्हणून तर निकाल लवकर लागतात."

गोदाक्काला हसू आवरेना. कोर्टाच्या तारखांना कंटाळून अख्ख्या गावाने याच्यासाठी हात वर केले होते, तिनेही.

तिचं हसू ओसरायच्या आत न्यायालयात हसण्याविरुद्ध कायदा झाला, गुन्हा नोंदला गेला आणि शिक्षाही झाली: भट्टी कायमची बंद.

"कोणाची हरकत?" कारभाऱ्याने रीतीप्रमाणे विचारलं, आणि स्वतःच उत्तर दिलं, "कोणाचीच नाही."